सकाळच्या पाळीचं फाटक

माझ्या शाळेच्या पुस्तकांना खाकी कव्हर कधी मिळालं नाही, उरलेली पत्रकं मिळाली. गणिताच्या पुस्तकाचं कव्हर कोपऱ्यात फाटलं की आतून ‘कामगार बंधूंनो’ डोकावायचं. बाई मला उभं करून विचारायच्या, हे काय आहे. मी ताठ मानेनं सांगायचे, बाबांनी लिहिलंय.

बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी. दिवसा सळ्या आणि पत्रे चढवायचे-उतरवायचे, संध्याकाळी संघटनेची पत्रकं लिहायची. आई नेऱ्याहून मामाच्या शेतावरची भाजी आणून खांदा कॉलनीत विकायला बसते. तिला लिहायला फारसं येत नाही, पण पत्रकाची घडी तिच्याइतकी सरळ कुणाची पडत नाही. या दोघांच्या मध्ये बसून मी अक्षरं शिकले. गुळमुळीत वाक्य मला आजही लिहिता येत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

आमच्या घरात एक कायदा आहे. कुठलंही पत्रक छापायला जाण्याआधी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचायचं. ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्यातलं एक वाक्य खोडायचा हक्क असतो. कारण देण्याची गरज नाही आणि ज्यानं लिहिलं त्यानं वाद घालायचा नाही. बाबा बहुतेक वेळा शिवी खोडतात, म्हणजे मी सुचवलेली. आई नेमकं तेच वाक्य खोडते, जे लिहिताना मला सगळ्यात जास्त आनंद झालेला असतो. खोडून पुन्हा भाकरी थापायला वळते. माझी कितीतरी लाडकी वाक्यं तिच्या पिठाच्या हातांनी गेली आहेत. ती गेली म्हणून माझं लिखाण लोकांनी वाचलं, हे मी आता मान्य करते.

माझ्या धाकट्या बहिणीचं नर्सिंगला जाणंही याच कायद्याखाली ठरलं.

ती बारावी सायन्स झाली, नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत तिला बरे गुण मिळाले. हा नाद तिला कुठून लागला ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ती शाळेत असताना बाबांच्या पायावर लोखंडी पत्र्याची कड पडली होती. रोज ड्रेसिंगला जावं लागायचं. आई बाजारात आणि मी कॉलेजात, त्यामुळे त्यांच्याबरोबर ती जायची. तिथल्या एका करड्या केसांच्या सिस्टरनी पाहिलं की ही पोर जखमेकडे बघताना तोंड फिरवत नाही. त्यांनी हिच्या हातात ट्रे दिला. वाळलेली पट्टी ओढायची नाही, आधी भिजवायची आणि थांबायचं, हे शिकवलं. सुट्टीच्या दिवशी ती घरीच बाबांची पट्टी बदलू लागली. बाबा गड्यासारखे गडी, पण तिची पट्टी चालू असताना त्यांना झोप लागायची. ‘हिचा हात हलका हाय,’ एवढंच ते म्हणायचे. त्या सिस्टरना आमच्या घरी काय घडलं याची कल्पनाही नसेल. मी मात्र त्यांची आठवण काढल्याशिवाय हे लिहू शकत नाही.

तरी माझा विरोध होता. राग नर्सांवर नव्हता, त्यांच्या कामाला लोक ज्या शब्दानं हाक मारतात त्यावर होता. सेवा. जिथे पगार द्यायचा नसतो तिथे हा शब्द पुढे येतो, हे मी पत्रकं वाचून शिकले होते आणि डोळ्यांनी पाहिलंही होतं. माझी बहीण चार वर्षं शिकणार आणि मग आयुष्यभर कुणीतरी तिला देवी म्हणून हात जोडणार, पण बसायला खुर्ची देणार नाही, हे चित्र मला छळायचं. पनवेलच्या कॉलेजात साध्या बी.एस्सी.ची जागा तिला मिळत होती. नर्सिंगच्या कॉलेजांचे पसंतीक्रम भरायला थोडेच दिवस उरले होते. एकदा ती मुदत गेली की वर्ष गेलं.

बाबांनी निकाल माझ्यावर सोडला. म्हणाले, तू बघून ये आणि लिहून आण, घरात वाचू, मग ठरवू. बहिणीनं एकच अट घातली. ‘ताई, मला घाबरवायला लिहू नको आणि खूश करायलाही नको.’

पहिलं कॉलेज हायवेला लागून होतं. खाजगी विद्यापीठाची काचेची इमारत, आत इतका गारवा की बहिणीनं ओढणी अंगाभोवती लपेटली. समुपदेशक म्हणून बसलेल्या तरुणानं आम्हाला प्लॅस्टिकचा रुग्ण दाखवला. त्याची छाती दाबली की दिवा लागायचा. भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि त्यावर झेंडे टोचलेले होते. तुमच्या मुली कुठे कुठे आहेत म्हणून मी विचारलं तर त्यानं झेंड्यांकडे बोट केलं. त्यातल्या एकीशी बोलायला मिळेल का, असं विचारल्यावर तो म्हणाला, मॅडम, डेटा प्रायव्हसी असते.

मी माझा मुख्य प्रश्न विचारला. रुग्णालय कुठे आहे? नर्सिंग शिकायचं तर खाट हवी, खाटेवर माणूस हवा, आणि चूक व्हायच्या आधी हात धरणारी अनुभवी सिस्टर हवी. तो म्हणाला, टाय-अप आहे. कुणाशी? बऱ्याच जणांशी. बस जाते. रोज? तो हसला आणि त्यानं आम्हाला कँटीन दाखवलं. कँटीन खरंच छान होतं. बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, ‘इथे सगळ्यात चांगली तब्येत त्या प्लॅस्टिकच्या बाबाची आहे.’ ते कॉलेज तिथेच बाद झालं.

दुसरं कॉलेज जुनं होतं, एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या बाजूला. जिन्यावर रंग उडालेला, सूचनाफलकाची काच फुटलेली. कार्यालयातल्या बाईंनी आमच्याशी फार गोड बोलायचा प्रयत्न केला नाही, ते मला आवडलं. नर्सिंग परिषदेची मान्यता चालू वर्षाची होती. ती भिंतीवर लावलेली होती, मागावी लागली नाही. मूळ प्रमाणपत्रं ते अडकवून ठेवत नव्हते. वॉर्ड त्याच आवारात होते आणि माणसांनी भरलेले होते. कागदावर मला काही दोष सापडेना, आणि दोष सापडला नाही की मी अस्वस्थ होते.

आता आमच्या घराण्याची पद्धत सांगायला हवी. बाबांचं म्हणणं, कुठल्याही कामाची जागा समजून घ्यायची असेल तर कार्यालयात जायचं नाही. पाळी सुटताना फाटकावर उभं राहायचं. कामावर जाणारा माणूस घाईत असतो, त्याच्या हातात कागद दिला तर चुरगळतो. सुटलेला माणूस थांबतो, चहा घेतो, बोलतो. आणि फाटकावर रिकाम्या हातानं जायचं नाही. हातात कागद असला की लोक आपल्याला काहीतरी समजतात. बाबांनी उभी हयात असंच केलं आणि मला बोटाला धरून तेच शिकवलं.

तेव्हा मी एक प्रश्नपत्रक लिहिलं, झेरॉक्स काढली, आईनं घड्या घातल्या. दुपारी सकाळची पाळी सुटायच्या वेळी मी रुग्णालयाच्या मागच्या फाटकावर जाऊन उभी राहिले. शीर्षक होतं, ‘भगिनींनो, तुमच्या कामाचं मोल काय?’ शीर्षकावर मी खूश होते. आईच्या तावडीतून ते सुटलं होतं, कारण तिनं तिचा हक्क आतल्या एका ओळीवर खर्च केला होता.

मुली बाहेर आल्या. पहिलीनं कागद घेतला, न बघता विचारलं, ‘जर्मनचा क्लास का? माझा लावून झालाय.’ दुसरीनं तो उलटा करून पाहिला आणि म्हणाली, मेन्यू कुठे आहे. मग मला कळलं की त्या फाटकावर कागद वाटणारी माणसं दोनच प्रकारची असतात, परदेशी जायला भाषा शिकवणारी आणि डबा देणारी मेस. वॉचमननंही मला समोरच्या झाडाखाली उभं राहायला सांगितलं, मेसवाले तिथे उभे राहतात म्हणून. मोल विचारायला आलेली मी एकटीच होते आणि डब्याच्या रांगेत उभी होते.

तरी थांबल्या काही जणी. शेवटच्या वर्षाची एक उंच मुलगी कुंपणाच्या कट्ट्यावर बसली, बूट काढले, मोजे काढले आणि पाय हातात घेऊन दाबत बोलू लागली. तिचं बोलणं मी आजही विसरलेले नाही. स्टाफ कमी असतो तेव्हा शिकाऊ मुलींनाच कामाला जुंपतात. बसायला जागा नाही. कपडे बदलायच्या खोलीत एक बाक नाही की पाणी नाही. रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरला घाबरतात आणि राग आमच्यावर काढतात. मी तिला पुढचं विचारलं, पास झाल्यावर काय. ती म्हणाली, खाजगीत नोकरी लगेच मिळते, पण सुरुवातीचा पगार सांगायला लाज वाटते. सरकारी भरती निघते तेव्हा निघते, पण निघाली की त्यासारखं काही नाही. गावच्या आरोग्य केंद्रावर अधिकारी म्हणून जाता येतं, शिकवायला जाता येतं, पुढे एम.एस्सी. करता येतं. परदेशी जायचं तर भाषा आणि परीक्षा. ‘घरी बसावं लागत नाही, एवढं नक्की,’ ती म्हणाली. मग बूट घालता घालता माझ्याकडे वर पाहून म्हणाली, ‘पण बहिणीला इथे घालू नका, ताई. पाय बघा माझे.’

मला जे ऐकायचं होतं ते मिळालं होतं. घरी येऊन मी अहवाल लिहिला. लिहिला कसला, पत्रकच झालं ते. पाय, बाक, पाणी, नातेवाईक, पगार, सगळं आलं. शेवटी मी लिहिलं की जिथे शिकणारीलाच मजूर केलं जातं तिथे आपल्या घरची मुलगी आपण पाठवू नये.

संध्याकाळी स्वयंपाकघरात वाचन झालं. बाबा मान हलवत होते, एकमेकांना जोडलेल्या मालडब्यांसारखी वाक्यं धडधडत जात होती. वाचून संपलं. बाबा म्हणाले, माझं खोडायचं काय नाय. आईनं माठातलं पाणी ओतून घेतलं आणि म्हणाली, ती काय खोडते ते आधी बघू, मग मी. सगळ्यांनी बहिणीकडे पाहिलं. तिच्यासाठी ते शेवटचं वाक्य म्हणजे निकाल होता, आणि ते खोडायचा तिला हक्क होता. ती खोडेल असंच मला वाटलं होतं. खोडलं असतं तर मी वादही घातला नसता.

ती म्हणाली, ‘माझा हक्क मी उद्या वापरते.’

सकाळी मी उठले तेव्हा ती घरात नव्हती. बाबा म्हणाले, आईबरोबर निघाली, म्हणाली येते जाऊन. पसंतीक्रम भरायचा तो शेवटचा दिवस होता. बाबा कामावर गेले नाहीत. ते पेपर वाचत होते, पण पान उलटत नव्हते. ती आली तेव्हा ऊन वर आलं होतं. आईही तिच्याबरोबरच आली, उरलेली मेथी तशीच पाटीत घेऊन. ती दुकान इतक्या लवकर कधी उठवत नाही.

बहिणीनं हातपाय धुतले आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन बसली. ती रुग्णालयाच्या त्याच फाटकावर गेली होती. पण पाळी सुटताना नाही, सकाळी पाळी भरताना. हातात कागद नव्हता. आत जाणाऱ्या मुलींना तिनं एकच प्रश्न विचारला होता, आज आत काय आहे?

बहुतेक जणी चालता चालताच बोलल्या. एकीनं सांगितलं, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजोबांना आज पहिल्यांदा उभं करायचंय, ते मला शिव्या देणार आहेत. दुसरी म्हणाली, थांबवू नकोस, बाळाच्या दुधाची वेळ झाली, सिस्टर दारातच उभ्या असतील. एकीची त्या दिवशी सलाईन लावायची परीक्षा होती. ती स्वतःच्याच मनगटावर शीर शोधत चालली होती. आणि सगळ्यांच्या आधी, फाटक उघडायच्याही आधी, कट्ट्यावर कोण बसलेली होती, तर ती उंच मुलगी. तिची त्या दिवशी दुपारची पाळी होती. तिच्या वॉर्डमधल्या एका बाई बऱ्याच दिवसांनी घरी जाणार होत्या. त्यांना जखम कशी धुवायची ते सकाळीच शिकवायला हवं म्हणून ती आली होती. कुणी सांगितलं नव्हतं.

‘मी तिला म्हटलं, काल तुम्ही माझ्या ताईला सांगितलंत, बहिणीला इथे घालू नका,’ बहीण सांगत होती. ‘ती म्हणाली, ते खरंच आहे. माझे पाय दुखतात आणि मी लवकर आलेय. दोन्ही लिहायला सांग.’

मग ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

‘ताई, तू आणि बाबा कायम सुटणाऱ्यांना विचारता. दमलेला माणूस खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो.’

बाबांनी पेपर खाली ठेवला. लोखंड बाजाराच्या फाटकावर त्यांचं आयुष्य गेलं होतं, संध्याकाळच्या फाटकावर. मला वाटलं ते चिडतील. ते बराच वेळ आपल्या पायाकडे, त्या जुन्या व्रणाकडे बघत राहिले.

मी म्हटलं, मग खोड ते शेवटचं वाक्य. ती म्हणाली, ‘मला काही खोडायचं नाही. तुझं सगळं खरं आहे. मला भर घालायचीय.’

बाबा कायद्याचे पक्के. म्हणाले, खोडायचा हक्क हाय, भर घालायचा नाय. तसं कोनाला दिलेलं नाय आजवर.

‘मंग कायदा बदला,’ आई मेथी निवडता निवडता म्हणाली. ‘पोरीचं वरीस जाईल, तुमचा कायदा काय जात नाय.’

कायदा बदलला. बहिणीनं माझ्या अहवालाखाली तिच्या शाळकरी अक्षरात चार ओळी लिहिल्या. आजोबा, बाळ, मनगटावरची शीर, आणि ती मुलगी. त्याखाली मी सेवा हा शब्द असलेलं एक वाक्य सुचवलं, हार मानल्यासारखं. तिनं मान हलवली. म्हणाली, ‘सेवा नको. काम म्हण. मला काम शिकायचंय, आणि त्याचे पैसेही घ्यायचेत.’ त्या क्षणी मला समजलं की पत्रकं माझ्याइतकीच तिनंही वाचली होती, फक्त तिची कव्हरं फाटली नव्हती.

मग आईनं तिचा राखून ठेवलेला हक्क वापरला आणि माझं शेवटचं वाक्य खोडलं. पीठ नव्हतं, मेथीचा हिरवा डाग पडला. दुपारी खांदा कॉलनीतल्या सायबर कॅफेत जाऊन आम्ही पसंतीक्रम भरला. जुनं कॉलेज पहिलं. बहिणीनं बटण दाबलं, मी तिच्या खुर्चीमागे उभी होते.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. तिचेही पाय दुखतात. घरी आली की बाबा गरम पाण्याची बादली आणून ठेवतात आणि तिला वाटू देत नाहीत की हे तिच्यासाठी आहे. म्हणतात, पाणी जास्त तापलं. ती उंच मुलगी सरकारी भरतीत लागली, पेणच्या बाजूला आहे. अजून बहिणीला फोन करते. हायवेच्या कॉलेजातून आधीच पास झालेल्या, बहिणीहून मोठ्या एका मैत्रिणीलाही नोकरी लागली, हेही लिहायला हवं. तिनं पहिली जिवंत शीर फार उशिरा पाहिली, पण ती शिकली. मी अर्धंच लिहायचं नाही असं ठरवलंय.

मागच्या वर्षी बहीण एक कागद घेऊन स्वयंपाकघरात आली. कपडे बदलायच्या खोलीत बाक हवेत, पिण्याचं पाणी हवं, शिकाऊ मुलींना स्टाफच्या जागी उभं करू नये. तिचं पहिलं पत्रक. तिनं उभं राहून वाचलं. बाबांनी काही खोडलं नाही. आईनं काही खोडलं नाही, असं माझ्या बाबतीत कधी झालेलं नाही. मी शीर्षक खोडलं. ते ‘भगिनींनो’नं सुरू होत होतं.

मग प्रश्न आला की वाटायचं कधी. बाबा म्हणाले, सकाळी. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते नजर चुकवत म्हणाले, ‘सुटताना दिला त कागद पिशवीत जातो, घरी जातो. आत जाताना दिला त दिवसभर त्यांच्या खिशात ऱ्हातो.’ जणू हे त्यांना पहिल्यापासूनच ठाऊक होतं.

तर आम्ही चौघं त्या फाटकावर गेलो. आई घड्या घालत होती, बाबा त्यांच्या त्या जुन्या व्रणाच्या पायावर भार न देता उभे होते, मी वॉचमनला सांगत होते की आम्ही मेसवाले नाही. बहीण पांढऱ्या गणवेशात सगळ्यांच्या पुढे होती. मुली आल्या, कागद घेतला, वाचायला वेळ नव्हता, खिशात घातला आणि पळाल्या. बाक आले काही महिन्यांनी. पाठ नसलेले, पण आले. पाण्याचं अजून चालू आहे.

सगळे कागद संपल्यावर बहिणीनं घड्याळ पाहिलं. बाबांनी विचारलं, आज आत काय हाय? ती म्हणाली, एक आजी आहेत, जेवत नाहीत, माझ्या हातानं जेवतात. आणि फाटकातून आत गेली, आमच्याकडे वळून न बघता, जशी त्या वेळी सगळ्या जणी जातात.